प्रकरण सतरावं : पाण्यात टिकेल ते अत्तर

मंजुषाचा साखरपुडा बुधवारवर आला होता. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता, फेटे कुणाकुणाला यावरून जी भांडणं व्हायची तीही मागच्या आठवड्यात होऊन गेली होती. औताड्यांचं घर आता अडलं होतं ते एका अत्तराच्या बाटलीपाशी.

त्यातून रविवार, आणि नळाचा दिवस. उस्मानपुऱ्यात नळ येतात त्या दिवशी बाकी सगळी कामं मागं पडतात. सुरेखानं पहाटेच पिंपं भरून घेतली, शेवटी दोन तांबे वेगळे काढले आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. ते अत्तरासाठी होते.

औताड्यांच्या आणि करमाडकडच्या त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांत ही रीत जुनी. साखरपुड्याला मुलीकडची माणसं नवऱ्या मुलासाठी अत्तर नेतात, पण ते आधी मुलाला लावत नाहीत. मुलाच्या घरची सगळ्यात वडीलधारी बाई ते मनगटावर घेते, वरून तांब्याभर पाणी ओतून घेते, हात पुसते आणि सगळ्यांसमोर हुंगते. वास राहिला असेल तर म्हणते, "टिकलं." नसेल तर म्हणते, "गेलं." गेलं म्हणून कुणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही. पानसुपारी दोन्ही वेळेला फिरते. फरक एवढाच, की मुलीचा बाप ती मान खाली घालून घेतो.

सुरेखानं ती मान पाहिली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लाडसावंगीच्या शाळेतले बद्रीनाथ गुरुजी, म्हणजे तिचे वडील, छावणीतल्या शफीकभाईंच्या दुकानातून वाळ्याचं अत्तर घेऊन आले होते. शिवराजची आई तो लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पारखायला बसली ती त्याची आत्या, साळूबाई. तिनं हात पुसला, हुंगला आणि "गेलं" म्हणाली. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण औताड्यांच्या भावकीला जीभ आहे. चहा पाणचट झाला, की कुणीतरी म्हणायचं, गुरुजींचं अत्तर. मोबाईलची रेंज गेली, गुरुजींचं अत्तर. पुढाऱ्याचं आश्वासन, तेही गुरुजींचं अत्तर. म्हणणाऱ्यांना आता त्यामागची गोष्टही आठवत नसे. सुरेखाला मात्र दर वेळेला बापाची ती मान आठवायची, आणि ती गुमान चहा गाळत राहायची.

आता मुलीची आई ती होती. बुधवारी हिवाळ्यांच्या घरची सरूबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची, सत्यमची आजी हात पुढं करणार होती, आणि तिच्या तोंडून "टिकलं" हा एकच शब्द सुरेखाला ऐकायचा होता. त्यासाठी ती काय वाटेल ते मोजायला तयार होती. मोजायचं शिवराजला होतं, ही गोष्ट वेगळी.

मार्ग काढला तो ऋतुराजनं. मंजुषाचा हा धाकटा भाऊ, वय तेवीस, आणि होणाऱ्या दाजींशी फोनवर त्याची चांगलीच गट्टी जमलेली. सत्यम एकदा बोलता बोलता म्हणाला होता, की मित्राच्या लग्नात कुणीतरी मरीन ऊद लावून आलं होतं, भारी वास होता. ऋतुराज लगेच जालना रोडच्या मॉलमध्ये जाऊन काउंटरवाल्या मुलीपुढं तासभर उभा राहिला आणि करंगळीएवढी नमुन्याची शिशी घेऊन आला. पूर्ण बाटलीची किंमत त्यानं घरी सांगितली ती चहा पिऊन झाल्यावर. एकतीस हजार.

शिवराजचं पंपांचं दुकान होतं, आणि जगातली प्रत्येक रक्कम तो मोटारींत मोजायचा. एकतीस हजारात बोअरची चांगली मोटार येते, केबलसकट. ती दहा वर्षं पाणी देते. ही बाटली काय देते, असं त्यानं पोराला विचारलं. ऋतुराजनं काउंटरवर पाठ केलेलं सगळं सांगितलं: आधी खाऱ्या वाऱ्याचा वास येतो, मग ओल्या लाकडाचा, आणि खाली ऊद. शिवराजनं समुद्र एकदाच पाहिला होता, व्यापारी संघाच्या सहलीत, आणि त्या वाऱ्याला सुक्या बोंबलाचा वास होता. तो वास विकत घ्यायला एकतीस हजार कोण देतं, ते त्याला खरोखर कळेना. आपला समुद्र म्हणजे जायकवाडी, आणि तोही पाचव्या दिवशी नळाला येतो, असं म्हणून त्यानं पोराला छावणीत पिटाळलं.

छावणीच्या बाजारात शफीकभाईंच्या गादीवर आता त्यांचा मुलगा राहत बसतो. ऋतुराजनं शिशी दाखवली. राहतनं झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि चांगली चीज आहे असं मोकळेपणानं कबूल केलं. मग मागच्या फळीवरून एक बाटली काढून काडीनं त्याच्या मनगटावर ओढली. त्यालाही तो दर्या ऊदच म्हणत होता. बारा मिलीचे सातशे रुपये.

"बरोबरी मी सांगणार नाय," राहत म्हणाला. "ते सायबाचं हाय, हे आपलं हाय. फक्त शिवराजभाऊंना सांग, ते फवारायचं असतंय, आन हे तेल हाय. तेल कातडीत बसतंय."

बाटली घेऊन घरी येईपर्यंत ऋतुराजनं ते मनगट सात वेळा हुंगलं होतं आणि त्याचा पक्ष डळमळीत झाला होता.

रविवारी सकाळी नऊ वाजता घरात पक्ष होते ते असे: आई आणि मुलगा महागाच्या बाजूनं, बाप आणि लेक स्वस्ताच्या. दहा वाजता ऋतुराज फुटला आणि राहतभाईचंच भारी आहे म्हणायला लागला. सुरेखा काहीच बोलली नाही, नुसती भाजी निवडत राहिली. बायकोचं हे न बोलणं शिवराजच्या चांगलं ओळखीचं होतं. मुलाकडचे चारचौघांत काय म्हणतील, एकदाच तर आहे, अशी पुटपुट करत सव्वादहाला तो महागाच्या बाजूला गेला.

मंजुषा हे सगळं सोफ्यावर पाय घेऊन बघत होती. ती शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटीला होती, आणि सत्यम तिथंच पलीकडच्या कारखान्यात, गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये. बराच वेळ ऐकून घेतल्यावर तिनं सांगितलं, की पेंट शॉपमध्ये माणसाला अत्तर लावून जाताच येत नाही. साधा डिओसुद्धा बंद आहे, रंगाला खड्डे पडतात म्हणून. सत्यम आठवड्यातले सहा दिवस बिनवासाचा असतो आणि सातव्या दिवशी झोपतो.

शिवराज म्हणाला, की त्याचा इथं काय संबंध. ऋतुराजही म्हणाला, की दाजींनी लावो न लावो, हात तर सरूबाईंचा आहे. मंजुषाला हसू आलं. जो लावणार त्याच्यासाठी अत्तर नव्हतंच, आणि जिला त्याच्याबरोबर राहायचं तिला कुणी विचारलंही नव्हतं. ती आणखी काही बोलणार होती, पण तिची नजर आईकडं गेली. सुरेखा कोथिंबिरीच्या काड्याच टोपलीत टाकत होती आणि पानं कचऱ्यात. मंजुषा उठून आईशेजारी जाऊन बसली आणि तिच्या हातातली जुडी काढून घेतली. यावर बोलायचं नाही, आई म्हणेल ते, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

शेवटी शिवराजनंच तोड काढली. घरात साळूआत्या असताना आपण कशाला डोकं लावायचं? चाळीस वर्षं भावकीतलं प्रत्येक अत्तर तिनंच पारखलंय. तिचे दोन हात, दोन अत्तरं, दोन तांबे. जे टिकेल ते न्यायचं.

सुरेखाला हे आवडलं नाही. ज्या नाकानं आपल्या बापाला मान खाली घालायला लावली, त्याच नाकासमोर पुन्हा बसायचं. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि खरं सांगायचं तर परीक्षा आधी घरात झालेली बरी होती.

साळूबाई पंच्याऐंशीच्या घरातल्या. विधवा झाल्यापासून भाच्याकडेच राहायच्या, आणि बोलायच्या कमी, ऐकायच्या जास्त. सकाळपासूनचं सगळं त्यांनी खोलीतून ऐकलं होतं. त्या येऊन पाटावर बसल्या, पदर सावरला आणि दोन्ही हात पुढं केले. सुरेखानं डाव्या मनगटावर महागाची शिशी फवारली, उजव्यावर राहतच्या बाटलीतली काडी ओढली. खाली परात धरली. शिवराजनं दोन्ही तांबे ओतले, आणि ओतताना चांगलं पिण्याचं पाणी चाललं म्हणून हळहळला. सुरेखानं टॉवेलनं हात पुसले.

साळूबाईंनी आधी डावा हात नाकाशी नेला. मग उजवा. मग पुन्हा डावा. त्यांनी सुरेखाकडं एकदा नीट पाहिलं.

"डावा टिकला," त्या म्हणाल्या. "उजवा गेला."

शिवराजनं मोठा उसासा सोडला, मोटारीएवढा. ऋतुराज हिरमुसला. सुरेखानं आनंदानं साळूबाईंचा डावा हात धरून स्वतःच्या नाकाशी नेला.

काहीच नव्हतं. ओल्या कातडीचा वास, टॉवेलचा वास, नळाच्या औषधाचा वास. समुद्र नाही, लाकूड नाही. तिनं उजवा हात उचलला आणि तो नाकापर्यंत येण्याआधीच वास आला, भरगच्च, गोडसर, खारट.

तिच्या लक्षात आलं ते सगळं एकदमच आलं. साळूबाईंना वास येत नव्हता. कशाचाच नाही. त्या तिच्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत भीती होती. आता ही सगळ्यांसमोर बोलणार, ही भीती. अठ्ठावीस वर्षांत सुरेखानं या बाईला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. बोलायला ही वेळ किती सोन्यासारखी होती. भावकीचं नाक घरच्या टॉवेलावर पकडलं गेलं होतं.

"बरोबर आहे," सुरेखा म्हणाली. "डावाच."

का म्हणाली ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिनं परात उचलली आणि आत गेली. पाणी बेसिनमध्ये ओतून ती वळली, तर साळूबाई भिंतीला धरत धरत मागं आलेल्या.

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि हळू आवाजात सांगायला लागल्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला होता, तेव्हापासून नाक बंद आहे. भाकरी करपली तर धूर बघून कळतं. मोगरा आणि मुळा दोन्ही सारखेच. डॉक्टरला सांगितलं नाही, शिवराजला सांगितलं नाही. घरात आपलं कौतुक होतं ते तेवढ्या एका गोष्टीसाठी, तीही गेली म्हणून कुणाला सांगायचं?

सुरेखाला कीव आली. पण एक प्रश्न राहत होता.

"मग डावा का म्हणालात?"

"तुला त्योच पायजे व्हता," साळूबाई म्हणाल्या. "मागं एकदा तुझ्या मनाइरुद्ध बोलले. म्हणलं, या टायमाला तरी तुझ्या मनासारखं बोलावं."

"मागं खरं तेच बोलला होतात ना."

साळूबाई गॅसच्या शेगडीकडं बघत बसल्या. शेगडी बंद होती.

"आत्याबाई," सुरेखा म्हणाली, "मागं खरं बोलला होतात ना?"

"मागं सर्दी झाली व्हती मला," साळूबाई म्हणाल्या. "चार दिस नाक चोंदलेलं. आलं काय आन गेलं काय, मला कायबी कळलं न्हाय. समदी माझ्या तोंडाकडं बघत व्हती. आलं तोंडाला, ते बोलले."

सुरेखाला राग आला. खराखुरा, कानशिलं तापवणारा राग. अठ्ठावीस वर्षं चहा गाळला होता तिनं. गुरुजींचं अत्तर, गुरुजींचं अत्तर. कुणाच्या तरी चोंदलेल्या नाकापायी. तिच्या वडिलांनी त्यानंतर या घरात कधी पोटभर जेवण केलं नव्हतं, नेहमी निघायची घाई. आणि ही बाई इतकी वर्षं एकाच घरात, एकाच ओट्यापाशी, तिच्या हातचं खात होती आणि गप्प होती. सुरेखानं हे सगळं बोलूनही दाखवलं, एकही शब्द गाळला नाही, फक्त आवाज चढू दिला नाही. साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लाव फोन," त्या शेवटी म्हणाल्या. "गुरुजींला. माझ्या तोंडानं सांगते."

सुरेखानं रागाच्या भरात खरंच लावला, स्पीकरवर. बद्रीनाथ गुरुजी आता ब्याऐंशीचे, लाडसावंगीतच थोरल्या मुलाकडे, आणि कानानं अधू. त्यामुळे कबुली द्यायची तर ओरडून द्यावी लागणार होती. साळूबाईंनी फोन भाकरीसारखा दोन्ही हातांत धरला आणि त्या घराण्यात आजवर कुणी दिला नसेल असा जबाब सुरू केला. म्हणाल्या, त्या दिवशी मला सर्दी होती. गुरुजी म्हणाले, वर्दी? कसली वर्दी? साळूबाई पुन्हा ओरडल्या. तिसऱ्यांदा ओरडल्या तेव्हा शिवराज, मंजुषा आणि ऋतुराज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते, आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सरही बंद झाला होता.

"नाक चोंदलं व्हतं माझं, गुरुजी. तुमचं अत्तर टिकलं का गेलं, मला कळलंच न्हवतं. मी खोटं बोलले."

पलीकडून गुरुजींचा शांत, वर्गात धडा वाचल्यासारखा आवाज आला.

"ते मला माहीत आहे, साळूबाई. तुम्ही 'गेलं' म्हणालात ते नाकातून म्हणालात. बेचाळीस पोरांच्या वर्गात उभा राहायचो मी, सर्दीचा आवाज ओळखू येतो. आणि तुमच्या हाताचा वास मला पलीकडच्या सतरंजीवर येत होता."

सुरेखानं फोन काढून घेतला. तीही ओरडली.

"आबा, मग बोलला का नाहीत?"

"कोण? सुरेखा का? अगं, काय बोलायचं? बोललो असतो तर अत्तर जिंकलं असतं. घरच्या थोरल्या बाईला चारचौघांत खोटं पाडून मी एसटीत बसून निघून आलो असतो, आणि तू राहिली असतीस त्यांच्या हाताखाली. म्हणून मान खाली घातली. हसू येत होतं, तेही लपलं."

सुरेखा स्टुलाशेजारी खाली फरशीवरच बसली आणि रडली. तिनं जन्मभर बापाची शरम म्हणून जी जपली होती ती शरम नव्हतीच. मंजुषानं फोन घेतला, आजोबांना बुधवारी गाडी पाठवते, तयार राहा असं ओरडून सांगितलं आणि बंद केला. साळूबाईंनी हात पुढं करून सुरेखाच्या डोक्यावर ठेवला, तो उजवा होता, आणि स्वयंपाकघरभर राहतच्या बाटलीचा वास पसरला.

शिवराजला काही गोष्टी समजायला वेळ लागायचा. त्यानं आत्याकडं पाहिलं, टॉवेलकडं पाहिलं, आणि मग विचारलं, की म्हणजे डावा टिकला नव्हता तर?

"मला वासच येत न्हाय, शिवराज," साळूबाई म्हणाल्या. "चार वर्सं झाली. आता समद्यांनी ऐकलं ते बरं झालं."

सुरेखानं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. राहतभाईंचं न्यायचं, असं तिनं सांगितलं. तिनं स्वतः हुंगून पाहिलं होतं आणि तिला तेवढं पुरेसं होतं. ऋतुराजनं लगेच आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं सांगितलं. शिवराजच्या तोंडावर समाधान पसरलं, त्यानं मनातल्या मनात मोटार परत दुकानात ठेवली, आणि मग त्याला नवीनच काळजी लागली. सरूबाई फटकळ आहेत. वय झालंय. पुढच्या लग्नांपर्यंत पुरेल असं काही बोलून गेल्या तर?

"आन सरूबाईंनी 'गेलं' म्हणलं तर?" त्यानं विचारलं.

"तर मी मान खाली घालणार नाही," सुरेखा म्हणाली. "आबांचा काळ वेगळा होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसंन आणि हळूच विचारंन, आजी, सर्दी तर झाली नाही ना तुम्हाला?"

दारातली तिघं हसली. साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला उजवा हात नाकाशी नेला, सवयीनं, आणि मांडीवर परत ठेवला.

"इचार," त्या म्हणाल्या. "मला कुणी इचारलंच न्हवतं."